विषारी मालमत्ता, गृहकर्जांचे रोखे आणि बुडणाऱ्या बँका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००७-०८ मध्ये अमेरिकेत बँकांवर जे संकट आलं त्याबद्दल वाचक अजूनही विचारतात. 'लोकांनी हप्ते थकवले म्हणून बँका बुडल्या' एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

विषारी मालमत्ता म्हणजे थकीत कर्जच ना?

नाही. थकीत कर्जाचं दुखणं निदान डोळ्यांसमोर असतं. कर्जदार कोण, किती महिने हप्ता आलेला नाही, तारण काय आहे, लिलावात काय येईल हे बँकेला साधारण कळतं. त्यानुसार ती तरतूद करते आणि पुढे जाते.

विषारी मालमत्तेची किंमतच कुणाला सांगता येत नाही. ताळेबंदावर १०० लिहिलेला रोखा ९० चा आहे की २० चा, हे बाहेरच्याला कळत नाही आणि पुष्कळदा बँकेलाही कळत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही.

जुलै २००८ मध्ये मेरिल लिंच या वॉल स्ट्रीटवरच्या पेढीने आपल्याकडचे ३०.६ अब्ज डॉलर दर्शनी किमतीचे असे रोखे लोन स्टार नावाच्या फंडाला ६.७ अब्जांना विकले. म्हणजे डॉलरमागे २२ सेंट. त्यातही गंमत अशी की त्या ६.७ अब्जांतले ७५ टक्के पैसे मेरिलनेच खरेदीदाराला उसने दिले. त्या दिवशी बाकीच्या बँकांत तसलेच रोखे बाळगून बसलेल्यांची झोप उडाली असणार. आपल्या वह्यांत ते कितीला लिहिलेत, हा प्रश्न आता सगळे विचारणार होते.

गृहकर्जाचा रोखा होतो कसा?

बँक ३० वर्षांचं गृहकर्ज देते. तेवढी वर्षं हप्त्यांची वाट पाहण्याऐवजी ती अशी हजारो कर्जं एका न्यासाला विकते. न्यास त्यांच्या जोरावर रोखे काढतो, ते पेन्शन फंड, विमा कंपन्या, परदेशी बँका घेतात आणि घरमालकांचे हप्ते व्याज-मुद्दल होऊन त्यांच्याकडे जातात. यालाच मॉर्टगेज-बॅक्ड सिक्युरिटी म्हणतात. बँकेला रोकड मिळते आणि ती नवं कर्ज देते.

मूळ कल्पनेत काही वाईट नाही. १९७० मध्ये जिनी मे या सरकारी संस्थेच्या हमीने असे रोखे पहिल्यांदा आले. पुढे फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या सरकारपुरस्कृत संस्थांनी हा बाजार वाढवला. कर्जदाराने पैसे बुडवले तरी हमी देणारी संस्था भरून देत असे आणि कर्ज कुणाला द्यायचं याचे निकषही कडक होते. दुखणं सुरू झालं ते २००० नंतर, वॉल स्ट्रीटवरच्या खासगी पेढ्यांनी हमीविना काढलेल्या रोख्यांपासून. त्यांत कच्ची, म्हणजे पत कमी असलेल्यांना दिलेली 'सबप्राइम' कर्जं भरली जाऊ लागली.

ज्यांना हप्ता झेपणार नाही अशांना कर्ज दिलंच का?

कारण देणारा ते कर्ज जवळ ठेवणार नव्हता. दलालाला कर्जाच्या आकड्यावर दलाली मिळायची. न्यू सेंच्युरी किंवा कंट्रीवाइडसारखी गृहकर्ज देणारी कंपनी महिन्या-दोन महिन्यांत ते पुढे विकून मोकळी व्हायची. पंधरा वर्षांनी हप्ता येईल का, याची चिंता साखळीतल्या कुणालाच नव्हती. उत्पन्नाचा पुरावा न मागता कर्जं दिली गेली. उत्पन्न नाही, नोकरी नाही, मालमत्ता नाही, अशांच्या कर्जाला बाजारात 'निंजा' म्हणत.

सर्वांत घातक प्रकार होता '२/२८'. पहिली दोन वर्षं व्याज कमी आणि ठरलेलं, मग उरलेली २८ वर्षं बाजाराप्रमाणे वर-खाली. दोन वर्षांनी हप्ता झेपेनासा झाला तर? घराची किंमत वाढलेली असेल, तेव्हा नवं कर्ज काढून जुनं फेडायचं. सगळा डोलारा किमती चढत राहण्यावर उभा होता. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने जून २००३ मध्ये १ टक्क्यावर आणलेला व्याजदर जून २००६ पर्यंत सव्वापाच टक्के झाला. त्याच सुमारास घरांच्या किमतींनी शिखर गाठलं आणि घसरणीला लागल्या. २ एप्रिल २००७ रोजी न्यू सेंच्युरीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

कच्च्या कर्जांतून 'एएए' दर्जाचे रोखे कसे निघाले?

थर लावून. समजा १०० कोटी डॉलरची कच्ची कर्जं एकत्र केली. त्यांतून येणाऱ्या पैशाचे थर पाडायचे. वरच्या ८० कोटींच्या थराला पैसे आधी मिळणार, मग मधल्यांना, सर्वांत शेवटी तळाच्याला. तोटा मात्र तळापासून वर चढणार. म्हणजे २० कोटी बुडेपर्यंत वरच्या थराला धक्का नाही, म्हणून त्याला 'एएए', म्हणजे सर्वांत वरचा पत-दर्जा. इथपर्यंतचा हिशेब काही अगदीच खोटा नव्हता.

खरी हातचलाखी पुढे आहे. मधले 'बीबीबी' दर्जाचे थर विकायला अवघड जायचे. मग वेगवेगळ्या रोख्यांमधले असे मधले थर गोळा करून त्यांचा नवा गठ्ठा बांधायचा, त्याचे पुन्हा थर पाडायचे आणि त्यातल्या वरच्या मोठ्या हिश्शाला पुन्हा 'एएए' घ्यायचं. याला सीडीओ म्हणत. युक्तिवाद असा, की फ्लोरिडातली कर्जं बुडाली म्हणून मिशिगनची कशाला बुडतील? पण मधला थर बहुधा फार पातळ असायचा, कर्जांच्या दोन-चार टक्क्यांएवढाच. समजा तळाला पाच टक्क्यांचा आधार आहे आणि त्यावर तीन टक्क्यांचा 'बीबीबी' थर. तोटा आठ टक्क्यांवर गेला की तो थर पूर्ण साफ. आणि देशभर किमती एकदम उतरल्या, तर अशा शंभर गठ्ठ्यांतले शंभर थर एकाच वेळी साफ. मग त्यांच्यापासून केलेल्या सीडीओचा 'एएए' कशावर उभा राहणार? भिजलेली लाकडं कितीही रचली तरी वरची कोरडी होत नाहीत.

मूडीज, एस अँड पी आणि फिच या पतमानांकन संस्थांची गणितं आधीच्या काही वर्षांच्या आकडेवारीवर बेतलेली होती, आणि त्या वर्षांत देशभर एकाच वेळी किमती पडल्याच नव्हत्या. शिवाय फी देणार रोखे काढणारी पेढीच. एका संस्थेने नको तो दर्जा दिला तर पेढी शेजारच्या संस्थेचं दार ठोठावणार. मूडीजने २००६ मध्ये 'एएए' दिलेल्या गृहकर्ज-रोख्यांपैकी ८३ टक्क्यांचा दर्जा पुढे उतरवावा लागला.

बँकांनी कर्जं विकून टाकली होती ना? मग नुकसान त्यांचं कसं झालं?

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पुस्तकी कल्पनेप्रमाणे जोखीम जगभर वाटली गेली असती, तर प्रत्येकाला थोडी झळ लागून विषय संपला असता. प्रत्यक्षात बँकांनी पुढच्या दाराने विकलेली जोखीम मागच्या दाराने परत घरात आणली होती.

एक कारण भांडवलाचे नियम. अमेरिकी बँकेने साधं गृहकर्ज स्वतःकडे ठेवलं तर १०० डॉलरमागे सुमारे ४ डॉलरचं भांडवल लागायचं. त्याच कर्जांपासून झालेला 'एएए' रोखा ठेवला तर १ डॉलर ६० सेंट पुरायचे. कर्ज विका, रोखा घ्या, भांडवल वाचवा. नियमच तसं करायला सांगत होता म्हणा ना.

दुसरं, सीडीओंचा सर्वांत वरचा थर सुरक्षित खरा, पण त्यावर व्याज इतकं कमी की बाहेर घेणारे मिळत नसत. मग तो बनवणाऱ्या पेढीकडेच पडून राहायचा. ४ नोव्हेंबर २००७ ला सिटीग्रुपने जाहीर केलं की सबप्राइमशी जोडलेली आपली जोखीम ५५ अब्ज डॉलरची आहे. त्यातले ४३ अब्ज याच 'अतिसुरक्षित' थरांचे होते. त्याच दिवशी अध्यक्ष चार्ल्स प्रिन्स पायउतार झाले.

तिसरं, ताळेबंदाबाहेरची दुकानं. एसआयव्ही नावाच्या कंपन्या काढायच्या, त्यांनी अल्पमुदतीची उसनवारी करून दीर्घ मुदतीचे रोखे घ्यायचे. कागदोपत्री बँकेचा संबंध नाही. पण उसनवारी बंद पडल्यावर नाव खराब होऊ नये म्हणून बँकेलाच पुढे यावं लागलं. डिसेंबर २००७ मध्ये सिटीने अशा कंपन्यांची ४९ अब्ज डॉलरची मालमत्ता आपल्या ताळेबंदावर घेतली.

थोड्याशा घसरणीने एवढी मोठी बँक कशी बुडते?

लेहमन ब्रदर्स या वॉल स्ट्रीटवरच्या बँकेकडे २००७ च्या अखेरीस स्वतःच्या १ डॉलरमागे सुमारे ३१ डॉलरची मालमत्ता होती. म्हणजे मालमत्तेची किंमत सव्वातीन टक्के उतरली की भागधारकांचं भांडवल शून्य. घर घेताना आपण पदरचे २० टक्के घालतो. इथे ३ टक्केच घातले होते.

पण भांडवल संपण्याच्या आधीच बँकेचा श्वास कोंडतो. वॉल स्ट्रीटच्या पेढ्या ठेवींवर चालत नव्हत्या. त्या रेपो बाजारातून, बऱ्याचदा एका रात्रीपुरतं कर्ज, रोखे गहाण ठेवून घ्यायच्या आणि रोज सकाळी ते नव्याने मिळवायच्या. गहाणाबद्दल शंका आली की देणारा म्हणतो, काल १०० च्या रोख्यावर ९५ दिले, आज ८० देतो. उद्या म्हणतो, नकोच. बेअर स्टर्न्सकडे १० मार्च २००८ च्या सोमवारी सुमारे १८ अब्ज डॉलर हाताशी होते, गुरुवारी २ अब्ज उरले. रविवारी जेपी मॉर्गनने ती पेढी २ डॉलर प्रति शेअर दराने घ्यायचं कबूल केलं. हा भाव पुढे १० डॉलर झाला. मुळात व्यवहार जमला तोही फेडरल रिझर्व्हने सुमारे ३० अब्जांच्या नकोशा मालमत्तेचा भार उचलला म्हणून.

एक तुलना करून पाहा. २००० ते २००२ या काळात नॅस्डॅक हा अमेरिकी शेअर निर्देशांक शिखरापासून ७५ टक्क्यांहून अधिक कोसळला आणि सुमारे ५ लाख कोटी डॉलरचं बाजारमूल्य उडालं. तरी बँका उभ्या राहिल्या. सबप्राइम कर्जांचा सगळा पसाराच त्यापेक्षा कितीतरी लहान होता. फरक असा की शेअर बहुतांशी लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतले होते. गृहकर्जांचे रोखे रातोरातच्या उसन्या पैशांवर, पातळ भांडवलाच्या बँकांमध्ये होते, आणि नेमके कुणाकडे किती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तोट्याच्या आकारापेक्षा या तीन गोष्टींनी घात केला.

एका बँकेचं दुखणं दुसरीला कसं लागतं?

बऱ्याच वाटांनी. अडचणीतली पेढी मिळेल त्या भावाला रोखे विकते आणि तोच भाव इतरांच्या वहीत तोटा म्हणून उतरतो. ९ ऑगस्ट २००७ रोजी फ्रान्सच्या बीएनपी पारिबाने आपल्या तीन फंडांतून पैसे काढणं थांबवलं, कारण त्यांतल्या रोख्यांची किंमतच ठरवता येत नव्हती. त्या दिवसापासून बँका एकमेकांना उसने द्यायला कचरू लागल्या. महिनाभराने ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. या बँकेचा व्यवसाय ब्रिटिश गृहकर्जांचा, अमेरिकी सबप्राइमशी तिचा फारसा संबंध नव्हता. ती बाजारातून मिळणाऱ्या पैशावर जगत होती आणि तोच आटला.

दुसरी वाट विम्याची. एआयजी या विमा कंपनीने सीडीओ बुडाले तर भरून देण्याची हमी बँकांना विकली होती, पण त्यासाठी पुरेसा पैसा बाजूला ठेवलाच नव्हता. लेहमनने १५ सप्टेंबर २००८ ला ६३९ अब्ज डॉलरच्या मालमत्तेसह दिवाळखोरी पुकारली. दुसऱ्या दिवशी एआयजीला वाचवायला फेडरल रिझर्व्हला ८५ अब्जांचं कर्ज द्यावं लागलं. त्याच दिवशी लेहमनचे ७८.५ कोटी डॉलरचे कागद बाळगणाऱ्या रिझर्व्ह प्रायमरी फंडाचं युनिट १ डॉलरखाली आलं. बँकेतल्या ठेवीइतकाच सुरक्षित समजला जाणारा हा फंड! पुढे २५ तारखेला ३०७ अब्जांची वॉशिंग्टन म्युच्युअल गेली. अमेरिकेच्या इतिहासात ठेवी घेणारी एवढी मोठी बँक कधी बुडाली नव्हती.

बाजारभावाने हिशेब मांडायचा नियम नसता तर बँका वाचल्या असत्या का?

बँकवाले तेव्हा असंच म्हणत होते, आणि एप्रिल २००९ मध्ये हा नियम थोडा सैल झालाही. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. ओस पडलेल्या बाजारातला भाव खरा नसतो, हे मान्य. पण रात्रीपुरते पैसे देणारा तुमची वही पाहून देत नाही, गहाण पाहून देतो.

सरकारने ते रोखे विकत घेऊन टाकले का नाहीत?

आधीचा बेत तोच होता. अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी ७०० अब्ज डॉलर त्यासाठीच मागितले. प्रतिनिधिगृहाने २९ सप्टेंबरला विधेयक फेटाळलं, डाऊ जोन्स हा शेअर निर्देशांक एका दिवसात ७७७ अंकांनी पडला, आणि ३ ऑक्टोबरला कायदा झाला.

अडलं कुठे, तर भावावर. बाजारभावाने घ्यावेत तर बँका तिथल्या तिथे दिवाळखोर. चढ्या भावाने घ्यावेत तर करदात्याच्या पैशाने बँकांचा तोटा भरल्यासारखं. शिवाय हजारो प्रकारच्या रोख्यांचा भाव ठरवायला महिने लागले असते. दोन आठवड्यांत बेत बदलला. सरकारने नऊ मोठ्या बँकांत १२५ अब्ज डॉलर थेट भांडवल म्हणून घातले. फेडरल रिझर्व्हने पुढे मार्च २०१० पर्यंत सव्वा लाख कोटी डॉलरचे गृहकर्ज-रोखे घेतले, पण ते हमी असलेल्या संस्थांचे, विषारी नव्हेत.

बँकांत घातलेले पैसे सरकारला नफ्यासकट परत मिळाले. ज्यांची घरं जप्त झाली त्यांना मात्र असा कुणी भागीदार मिळाला नाही, ही चीड अमेरिकेच्या राजकारणातून अजून गेलेली नाही.

कुणाला शिक्षा झाली?

दंड भरपूर झाले : जेपी मॉर्गन १३ अब्ज डॉलर, बँक ऑफ अमेरिका १६.६५ अब्ज, एस अँड पी १३७.५ कोटी, मूडीज ८६.४ कोटी. हे पैसे भागधारकांच्या खिशातून गेले. तुरुंगात गेलेलं नाव घ्यायचं तर क्रेडिट स्विसचे करीम सेरागेल्दीन, तोटा लपवायला रोख्यांचे भाव फुगवल्याबद्दल ३० महिने. अमेरिकेतल्या मोठ्या बँकेचा एकही प्रमुख तुरुंगात गेला नाही.

सरकारी हमीचे, उत्तम रोखे असतील तर बँक सुरक्षित ना?

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेची गोष्ट पाहा. तिच्याकडे मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे म्हणून ९१ अब्ज डॉलरचे रोखे होते, त्यांत बहुतांश सरकारपुरस्कृत संस्थांच्या हमीचे गृहकर्ज-रोखे. पैसे बुडण्याची भीती जवळजवळ नाहीच. पण २०२२ मध्ये व्याजदर झपाट्याने वाढले आणि स्वस्त व्याजाच्या काळात घेतलेल्या या रोख्यांची किंमत सुमारे १५ अब्जांनी उतरली. हा आकडा बँकेच्या जवळजवळ सगळ्या भांडवलाएवढा होता.

गृहकर्ज-रोख्यांची एक खोड इथे कळते. दर उतरले की घरमालक नवं स्वस्त कर्ज काढून जुनं फेडतात, म्हणजे चांगलं व्याज देणारा रोखा लवकर संपतो. दर चढले की कुणीच फेडत नाही आणि कमी व्याजाचा रोखा गळ्यात पडतो. दोन्हीकडून बँकेचंच नुकसान. ८ मार्च २०२३ ला बँकेने विक्रीसाठी म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या गठ्ठ्यातले २१ अब्जांचे रोखे १.८ अब्जांचा तोटा सोसून विकल्याचं जाहीर केलं. ९ तारखेला ठेवीदारांनी ४२ अब्ज काढले. १० तारखेला बँक बंद.

२००८ मध्ये आपल्या बँका कशा वाचल्या?

त्यांच्याकडे हा माल फारसा नव्हता. शिवाय डॉ. वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने गृहकर्जं आणि व्यापारी बांधकामांच्या कर्जांवरची जोखीम-भारांकनं, म्हणजे त्या कर्जांमागे राखायचं भांडवल, तेजी चालू असतानाच वाढवली होती. तेव्हा बिल्डर आणि बँका दोघेही कुरकुरत होते.

भीती मात्र इथेही पोहोचली. आयसीआयसीआय बँकेच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीकडे लेहमनचे सुमारे ८ कोटी डॉलरचे रोखे होते. बँकेच्या आकारापुढे ही रक्कम किरकोळ, तरी अफवा पसरली आणि एटीएमबाहेर रांगा लागल्या. ३० सप्टेंबर २००८ ला रिझर्व्ह बँकेला निवेदन काढून बँकेकडे पुरेशी रोकड असल्याचं सांगावं लागलं.

अमेरिकेसारखं आपल्याकडे होऊ शकतं का?

तशाच्या तसं अवघड आहे. सीडीओसारखी थरावर थर रचलेली पुनर्रोखेबंदी रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांत बंदच आहे. कर्जं विकणाऱ्याला ती आधी काही काळ स्वतःकडे ठेवावी लागतात आणि विकल्यावरही काही हिस्सा स्वतःच्या अंगावर ठेवावा लागतो.

पण 'एएए' पाहून डोळे मिटायची सवय आपल्यालाही आहे. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातली, पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस ऑगस्ट २०१८ पर्यंत 'एएए' होती आणि सप्टेंबरात तिने देणी थकवली. डोक्यावर कर्ज सुमारे ९१ हजार कोटी रुपये. आणि पीएमसी या सहकारी बँकेला तर रोखे, थर वगैरे काहीच लागलं नाही. ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाला, आणि ते झाकायला हजारो बनावट खाती. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते.

माझ्या बँकेवर अशी वेळ आली तर ठेवीचं काय?

फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा ५ लाख रुपयांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज धरून. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांतल्या, एकाच नावावरच्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पतसंस्थांना नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध घातल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायची तरतूद आहे.